गुळाच्या खड्यावरचं शिसं

प्रयोगशाळेत माझं काम उंदरांच्या यकृताच्या पेशींवर चाले. जेवण झालं की इन्सुलिन पेशीला सांगतं, साखर आत घे. पोट रिकामं असलं की दुसरं संप्रेरक सांगतं, साठवलेली साखर सोड. पेशीत शिसं गेलं की ती हे निरोप धड ऐकत नाही. संप्रेरक दारात ओरडतंय आणि आत सगळे ढिम्म! ऐंशीच्या दशकातली ती माझी वर्षं यातच गेली. आणि संध्याकाळी घाटकोपरच्या घरी मी ज्यांच्या शेजारी जेवायला बसे, ते माझे बाबा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत.

एका वर्षी त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, बोटांतून खिळे निसटू लागले. मी हट्टाने रक्त तपासून घेतलं. शिसं बेसुमार निघालं. डॉक्टरांनी आधी लांब रजा घ्यायला लावली, नंतरही शिसं उतरलं नाही तर काम सोडा म्हणाले.

"ह्या वयात दुसरं काय येतं गं मला?" बाबा म्हणाले. मला मात्र वाटायचं, कामाचं मरू दे, माणूस वाचू दे.

रजेआधी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला मी छापखान्यात गेले. दुपारच्या चहाला मालकाने प्रत्येकाला गुळाचा खडा दिला. शिसं बाधू नये म्हणून तिथली जुनी रीत. बाबांनी काळ्याकुट्ट बोटांनी खडा तोंडात टाकला, वर बोटंही चाटली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, हात!"

"अगं, गूळ शिसं धुऊन काढतो. आमचे म्हातारे असंच खात आले."

"आणि बोटांवरचं कोण धुणार? गुळाबरोबर तेच गिळताय ना!"

"पोर शिकली, आपली वाट लागली," त्यांचा जोडीदार म्हणाला आणि सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते उठून मोरीशी गेले.

रजा संपल्यावर मी त्यांच्याबरोबर साबण आणि नखं घासायचा ब्रश धाडला. चारचौघांत त्यांना लाज वाटे, तरी खाण्याआधी ते कोपरापर्यंत हात घासत. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवू लागली.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. शिसं बरंच उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, काम चालू ठेवा, हात धुणं सोडू नका.

मी तिथेच रडू लागले. बाबा ओशाळले.

"अगं, कमी आलंय ना? मग रडतेस काय?"

त्यांना काय सांगणार? मी रोज पेशींना शिसं द्यायची, त्या बिघडल्या की नोंद करायची आणि टाकून द्यायची. बरं होणारं कुणी मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.