शिडाच्या दोन होड्या आणि पहिला फेटा

माणसाचा साडू त्याच्यापेक्षा उंच नसावा. माझा आहे. प्रल्हादराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगोलीत कचेरीत नोकरी, शर्टाला कायम इस्त्री आणि आवाज रेडिओवर शोभेल असा. मी वारंगा फाट्यावर खतांचं आणि बी-बियाण्याचं दुकान चालवतो. (माझा आवाज ट्रकच्या हॉर्नवरून गिऱ्हाइकापर्यंत पोचतो, एवढंच त्याचं कौतुक.) त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा आमच्याकडे काळा-पांढरा होता. आम्ही रंगीत आणला, त्याच आठवड्यात त्यांनी फोन घेतला. आम्हाला फोन लागला आणि पहिलीच घंटी वाजली ती प्रल्हादरावांची. मोबाइलवरून बोलत होते.

हेही मी गिळलं असतं. गिळता येत नव्हता तो फेटा. आमच्या सासरी लग्नात जावयांना फेटे बांधतात. पहिला फेटा थोरल्या जावयाचा, जरीचा, आणि तो सासरे स्वतःच्या हाताने बांधतात. तेवढ्यात त्यांचे दंड भरून येतात. मग दुसऱ्या जावयाला जो हाताशी सापडेल तो बांधतो. मला आजवर एकदा न्हाव्याने, एकदा मंडपवाल्याने आणि एकदा बँडमधल्या झांजवाल्याने फेटा बांधलेला आहे. (झांजवाल्याचा त्यातल्या त्यात टिकला. अक्षता पडेपर्यंत.)

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर शिरड शहापूरला राहत. जुन्या काळी धरणावरचे साहेब लोक सुट्टीच्या दिवशी शिडाच्या लहान लाकडी होड्या पाण्यात घालत आणि शर्यती लावत. साहेब बदलून गेले, होड्या वसाहतीच्या गोदामात धूळ खात राहिल्या. पुढे गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा दोन होड्या जळणात जाणार होत्या. मामांनी त्या सोडवून घरी आणल्या आणि दोघा जावयांना बोलावणं धाडलं.

"एक थोरल्यानं दुरुस्त करावी, एक धाकट्यानं," मामा म्हणाले. "अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला याल, त्या दिशी धरणावर शर्यत लावू. पाण्यात ती वाळकी बाभूळ उभी हाय ना, तिला वळसा घालून जो पयला माघारी येईल, त्याला आपल्या सुनंदाच्या लग्नात पयला फेटा. मग थोरला असो का धाकटा."

सुनंदा म्हणजे माझी मेहुणी. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. मी प्रल्हादरावांकडे पाहिलं. ते हसत होते. ते नेहमीच हसतात, हीसुद्धा माझी एक तक्रार आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होडी दुकानामागे आणली. बायको कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"तुमी कवा होडीत बसले का?" सुमनने विचारलं.

"न्हाई."

"पोहता येतं?"

"न्हाई."

"मग काहून करून राहिले हे?"

"तुझे दाजी करून राहिले म्हणून," असं खरं उत्तर देता येत नव्हतं. मी म्हणालो, "मामांची इच्छा हाय."

दुरुस्तीसाठी मी गंगाराम सुताराला बोलावलं. आमच्या भागात त्याच्यासारखी बैलगाडी कोणी करत नाही, आणि बैलगाडीशिवाय तो दुसरं काही करत नाही. त्याने होडीभोवती फेरी मारली, फळ्यांवर बोटं वाजवली आणि गंभीरपणे विचारलं, "मालक, चाकं कुठं बसवायची?" चाकं नाहीत हे पटल्यावर त्याचा निम्मा उत्साह गेला. पण उरलेल्या निम्म्यात त्याने कुजक्या फळ्या काढून बाभळीच्या बसवल्या, कडेने लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि सांध्यांत गाडीचं वंगण भरलं. पूर्वी ती होडी चौघं उचलत. आता आठ जणांनी उचलली आणि त्यातले दोघे पाठ धरून बसले.

तिसऱ्या दिवशी गंगाराम आतून ओरडला, "मालक, हिच्या बुडाला फट हाय. हातभर लांब."

मी वाकून पाहिलं. होडीच्या मधोमध एक उभी पेटी होती आणि तिच्या तळाला सरळ, आरपार फट. त्या पेटीत एक जाडजूड फळी वरून खाली सरकवून ठेवलेली होती. मला साहेब लोकांची कीव आली. होडीला एवढं मोठं भोक पडलं आणि यांनी काय केलं, तर त्यात फळी कोंबली!

"फळी काढ, पेटी उखड, फट बुजव," मी म्हणालो.

गंगारामने बाभळीची खुंटी ठोकून, वर डांबर ओतून फट अशी बुजवली की मुंगी शिरली नसती. फळी मात्र चांगल्या सागवानाची होती. टाकवेना. मी ती रंगवून घेतली, तिच्यावर 'येथे खात्रीचे बियाणे मिळेल' असं लिहवून घेतलं आणि दुकानाच्या दारावर टांगली.

शिडासाठी मी कापडावर पैसा घालवला नाही. दुकानात खताच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या. सुमनने नाक मुरडत मशीनवर त्या जोडून दिल्या. शीड उभं केलं तेव्हा त्यावर सोळा ठिकाणी 'हुक लावू नये' असं वाचता येत होतं, आणि टोकाजवळ 'केवळ शेतीसाठी'.

मग मी कामाचं निमित्त काढून हिंगोलीला गेलो. निमित्त बियाण्याचं, जीव होडीत. प्रल्हादरावांची होडी अंगणात उलटी ठेवलेली. वार्निश असं की मला त्यात माझं तोंड दिसलं, आणि ते काही बरं दिसलं नाही. शीड पांढरंशुभ्र, दोऱ्या नव्या. आणि तेवढ्यात मला ती दिसली. फट! त्यांनी ती तशीच ठेवली होती.

"भाऊ," मी शक्य तेवढ्या प्रेमाने म्हणालो, "तळाला फट हाय तुमच्या."

"असू द्या," प्रल्हादराव हसून म्हणाले. "लागते ती."

मी बस स्टँडपर्यंत हसू दाबून गेलो. वारंग्यापर्यंतचा इतका सुखाचा प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. पहिला फेटा माझ्या डोक्यावर मला दिसायला लागला होता.

शर्यतीच्या दिवशी मामींनी धोंडे वाढले. प्रल्हादरावांनी दोन खाऊन हात धुतले. मी मामींना कळावं की कोणत्या जावयाला त्यांच्या हातची किंमत आहे, म्हणून सात खाल्ले, वर वाटीभर तूप. (माझ्या होडीला आधीच बाभूळ जड झाली होती. त्यात आता पुरण.) काठावर सगळं सासर जमलं. सुमनने माझ्या कमरेत ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब घातली. प्रल्हादरावांनी व्यवस्थित नारिंगी जॅकेट घातलं होतं. कुठून आणलं कोण जाणे.

वारा आमच्या पाठीकडून होता. मामांनी उपरणं खाली केलं आणि माझी होडी सुटली. खरंच सुटली! गोण्यांत वारा भरला, आणि पहिल्या पाच मिनिटांत मी प्रल्हादरावांच्या पुढे होतो. मागून मामांचा आवाज आला, "वा रे धाकटे!" अकरा वर्षांच्या जावईपणात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. मी मागे वळून ओरडलो, "भाऊ, फट बुजवायची होती!"

बाभळीजवळ पहिला मीच पोचलो. सुकाणू ओढलं. होडीचं तोंड वळलं, अगदी छान वळलं. घराकडे, मामांकडे, फेट्याकडे. फक्त होडी घराकडे जाईना. तोंड इकडे आणि ती आपली आडवी सरकत चालली पलीकडे, आडमुठ्या बैलासारखी. मी सुकाणू दुसरीकडे ओढलं. ती सरकली. मी शीड ढिलं केलं. ती सरकली. मी तिला प्रेमाने समजावलं. ती सरकलीच.

शेजारून प्रल्हादराव बाभळीला वळसा घालून, नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या तोंडावर निघाले. घराकडे.

पलीकडच्या काठाला एक तांडा आहे. तिथल्या शेतांच्या मोटारी धरणाच्या पाण्यात सोडलेल्या असतात. (परवानगीचं विचारू नये. काठावरचं सगळं शिवार तेच करतं, त्यात माझे चुलतेही आले.) धरणाकडून शीड लावून एक माणूस सरळ आपल्याकडे येतोय हे पाहून काठावर धावपळ उडाली. पाइप ओढले गेले, मोटारी झुडपात गेल्या. मी गाळात रुतून थांबलो तेव्हा समोर तांड्याचे नाईक हात जोडून उभे.

"साहेब," ते म्हणाले, "पाण्यात मोटार न्हाई आमची."

"मी साहेब न्हाई," मी म्हणालो. "मी जावई हाय. शिरडचा."

नाइकांनी माझ्याकडे पाहिलं, कमरेतल्या ट्यूबकडे पाहिलं, शिडावर 'केवळ शेतीसाठी' वाचलं आणि मागे वळून सांगितलं, "मोटारी सोडा रे. हे आपलंच हाय."

मी चहा पीत होतो, आणि चहा खरोखर चांगला होता, तेव्हा पाण्यावर पांढरं शीड दिसलं. प्रल्हादराव! अर्ध्या वाटेवरून ते माघारी फिरले होते. शर्यत सोडून. मला न्यायला.

ते जिंकले असते तर मी सोसलं असतं, सवय होती. पण हे सोसण्यासारखं नव्हतं.

"या दत्तराव, बसा," ते म्हणाले. "तुमाला पोहता येत न्हाई, जीव राहिना माझा."

मी ट्यूबसकट त्यांच्या होडीत बसलो. मधोमधच्या उभ्या पेटीत, त्या फटीतून एक फळी खाली पाण्यात सोडलेली होती. पाणी पेटीतच थांबत होतं. बराच वेळ मी तिच्याकडे पाहिलं. शेवटी राहवलं नाही.

"भाऊ, ही फळी कशापायी?"

"हिच्यामुळं होडी आडवी सरकत न्हाई."

"मग माझ्या होडीला काहून न्हाई?"

"तुमची दुकानाच्या दारावर हाय न्हाई का," प्रल्हादराव म्हणाले. "बियाण्याची पाटी. मागल्या महिन्यात फाट्यावरून जाताना पाहिली मी."

"मग तवाच काहून सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं, तुमी दुसरी केली असंल. अन् विचारलं असतं तर तुमाला वाटलं असतं, हा शहाणपणा शिकवून राहिला."

वाटलंच असतं. माणूस बरोबर बोलत होता, आणि मला तेही आवडलं नाही.

आम्ही एकाच होडीतून परत आलो. माझी होडी नंतर बैलगाडीतून आली, आणि गंगाराम म्हणाला की चाकं बसवली असती तर हा खर्च वाचला असता. काठावर मामा प्रल्हादरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पयला फेटा तुमचाच."

"न्हाई मामा," प्रल्हादराव म्हणाले. "बाभळीला पयले दत्तरावच पोचले. पयला फेटा त्यांना बांधा."

सगळ्यांचे डोळे पाणावले. मामींनी पदर डोळ्यांना लावला. सुमनही रडली, आणि ती माझ्यासाठी रडली नाही.

सुनंदाच्या लग्नात मामांनी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर पहिला फेटा बांधला. जरीचा, घट्ट, झोकदार. मी मान ताठ करून मंडपभर फिरलो. आणि प्रत्येक पाहुण्याने मला थांबवून एकच विचारलं, "ज्यांनी फेटा सोडला ते देवमाणूस कुठं हायेत?" मी बोट दाखवत राहिलो. फेटा माझ्या डोक्यावर, नमस्कार त्यांना. बँडमधल्या झांजवाल्याने बांधलेल्या, कानावर आलेल्या फेट्यातही ते उंच दिसत होते.

तेव्हापासून मी मनाशी ठरवलं आहे की पुढच्या लग्नात पहिला फेटा मी सोडणार, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या मनाने सोडणार. भाषणही तयार आहे. अडचण एकच, सासरी लग्नाची राहिलेली सुनंदा शेवटचीच होती.