आभाराचा बॅनर

भागीरथीच्या डाव्या पायातली चप्पल कधी निघून मागे राहायची ते तिला कळायचं नाही. ती आपली पुढे जायची, आणि मागून कोणीतरी हाक मारायचं, "ओ मावशी, चप्पल." वळून बघावं तर चप्पल रस्त्यात पडलेली, जणू दुसऱ्याच कुणाची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती हसली होती. नंतर स्नेहलने, तिच्या सुनेने, मागे पट्टा असलेली सॅंडल आणून दिली. चप्पल राहायची थांबली, भीती राहिली. आता ती चालताना पायाकडे बघत चालायची. नजर काढली की पाऊल लोंबायचं, अंगठा जमिनीत अडायचा आणि ती पुढे झुकायची.

एके काळी हिला भिणारी माणसं होती. लग्नाआधी बापाबरोबर ती मिठागरावर जायची. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली हातभर रुंदीचा निसरडा बांध, दोन्हीकडे चिखल. त्या बांधावरून ती शेजारणीशी भांडत चालायची, खाली न बघता. लग्न होऊन वाशीच्या सेक्टरांमध्ये अडकलेल्या या गावात आली तेव्हा सासरची भातशेती आधीच गेली होती. पुढे घराच्या जागी चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली. खाली मढवींचं घर, वर भाडेकरूंच्या खोल्या. नवरा नामा शांत माणूस. तो होता तोवरही आणि गेल्यावरही सगळा कारभार हिच्याकडेच. पाण्याची मोटर कधी लावायची, कोणी मोरी तुंबवली, कोणाच्या नळाखाली बादली भरून वाहतेय, सगळं हिला तिन्हीत्रिकाळ माहीत. आवाज चढवला की तिसऱ्या मजल्यावरचा नळ बंद व्हायचा.

मग कुंदनने, तिच्या मुलाने, जिन्याला आरशासारखा ग्रॅनाइट बसवला. "आये, बघ, हॉटेलसारखा दिसतंय," म्हणाला. त्याच जिन्यावर कोणीतरी सांडलेल्या पाण्यावरून ती घसरली आणि डाव्या नळीचं हाड मोडलं.

कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. डॉक्टर प्रीतम घरत गावातलाच, गावातून झालेला पहिला हाडांचा डॉक्टर. सेक्टरच्या तोंडाशी त्याचं स्वतःचं हॉस्पिटल. भागीरथीला तो काकी म्हणायचा, लहानपणी हिच्याच ओट्यावर गोट्या खेळलेला. त्याने हाड बसवलं आणि सुजलेल्या पायाला त्याच दिवशी मांडीपासून बोटांपर्यंत गच्च प्लॅस्टर घातलं.

रात्रभर ती ओरडत होती. "आवळतंय रे, फोडा हे." नर्स म्हणाली, कच्चं आहे, वाळलं की बरं वाटेल. प्रीतमने सकाळी दारातूनच विचारलं, "काय काकी, गावाला जागवलंस म्हनं?" सगळे हसले. बोटं निळसर आणि गार पडली आहेत असं स्नेहलने त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "वहिनी, गुगल बघू नका." आणि मग एकाएकी दुखणं थांबलं. अगदी थांबलं. भागीरथी शांत झोपली. घरात सगळ्यांनी हात जोडले. कुंदनने पेढे वाटले आणि तिला घरी आणलं त्या दिवशी नाक्यावर बॅनर लावला.

दुखणं थांबलं ते पाय बरा झाला म्हणून नव्हे, तर आत दाबलेली नस मेली म्हणून, हे त्यांना प्लॅस्टर निघाल्यावर आणि पाऊल लटकलेलं दिसल्यावरही बरेच महिने कळलं नाही. प्रीतम प्रत्येक वेळी म्हणायचा, वेळ लागतो, काकी, वय झालं. शेवटी स्नेहल तिला गुपचूप खारघरच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने पाय पाहिला. मग त्याने नीट समजावून सांगितलं, आणि वर म्हणाला, "हे मी लिहून देणार नाही. आम्हा डॉक्टरांमधलीच गोष्ट आहे. सरकारी हॉस्पिटलच्या समितीचं मत मागवा."

तिथून त्या दोघी वकील वैजयंती केळुसकरांकडे पोचल्या. वाशीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी प्रीतमला नोटीस पाठवली. आज त्या नोटिशीचं उत्तर आलं होतं, म्हणून त्यांनी बोलावलं होतं.

"ताई, हे ओळखता?" वैजयंतीबाईंनी एक रंगीत फोटो पुढे सरकवला.

नाक्यावरचा बॅनर होता. वर प्रीतम, गळ्यात स्टेथोस्कोप. खाली काळा चष्मा लावलेला कुंदन, हात जोडलेला, प्रीतमपेक्षा थोडासाच लहान. कोपऱ्यात, साबुदाण्याएवढी, भागीरथी. 'आमच्या मातोश्री श्रीमती भागीरथी नामा मढवी यांच्या पायावर यशस्वी उपचार केल्याबद्दल भूमिपुत्र डॉ. प्रीतमदादा यांचे जाहीर आभार. शुभेच्छुक, कुंदनशेठ मढवी आणि मित्रपरिवार.'

"त्यांचं म्हणणं, पेशंट इतकी खूश होती की घरच्यांनी चौकात आभार मानले," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणि आता पैशासाठी बदनामी करता, म्हणून तुमच्यावरच अब्रूनुकसानीचा दावा लावू, असंही लिहिलंय."

भागीरथीने हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. "आमच्यात लावतात, मॅडम," ती म्हणाली. "दहावी पास झाला तरी लावतात. शेजारच्यांनी कुत्र्याच्या वाढदिवसाला लावलेला."

"कुत्र्याने कोणावर केस केली नाही ना," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि मग हसू आवरून सरळ बसल्या. "घाबरू नका. बॅनरने केस संपत नाही. पण हा बॅनर कधी लावला, का लावला, हे कुंदनने स्वतः शपथेवर सांगायला हवं. प्लॅस्टर निघायच्या आधी लावला, दुखणं थांबलं म्हणून लावला, पुढे काय झालं ते तेव्हा माहीत नव्हतं. हे तो बोलला तर हाच फोटो आपल्या बाजूने बोलेल. नाही बोलला तर अवघड आहे. आणि ग्राहक आयोगातल्या तक्रारीला कायद्याने दोन वर्षांची मुदत असते, ती आपली दिवाळीला संपते. त्यानंतर आयोग ऐकूनसुद्धा घेईल की नाही, मी सांगू शकत नाही."

रिक्षात भागीरथी सुनेला म्हणाली, "तो नाय बोलणार."

"आई, त्याची आई आहात तुम्ही."

"म्हणूनच सांगतंय."

कुंदन नाही बोलणार हे तिला पक्कं माहीत होतं. प्रीतमचा चुलता गावच्या मंडळाचा अध्यक्ष. पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून कोणाचं नाव पुढे जायचं ते त्याच्या ओट्यावर ठरायचं, आणि कुंदन रोज संध्याकाळी त्या ओट्यावर बसायचा. नोटीस गेल्याचं कळल्यापासून तो घरात जेवताना मान वर करत नव्हता. गावातलं वारंही बदललं होतं. मासळीबाजारात बायका तिला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. गौरीच्या हळदीकुंकवाला दोन घरांतून बोलावणंच आलं नाही. एक जण तोंडावर म्हणाली, "आपल्यातला एक पोर डॉक्टर झाला, त्याला पन खाली खेचता का गो?" भागीरथी पायाकडे बघत पुढे निघून गेली. ती, जिला मोटरवाल्यापासून म्युनिसिपालटीच्या साहेबापर्यंत कोणापुढे शब्द कमी पडला नव्हता.

तिला वाटू लागलं होतं, सोडून द्यावं. लटकत्या पायाने मरेपर्यंत चालता येईल. एकटं पडून नाही जगता येणार.

आणि मग रविवारी प्रीतम घरी आला.

आधी कळवलं नाही, काही नाही. कुंदनबरोबरच आला, हातात फळांची पिशवी, चप्पल दाराबाहेर काढून. भागीरथी उठायला गेली तसा म्हणाला, "बस, काकी, बस. मी काय पाव्हना हाय?" आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

भागीरथी ओरडत पडलेली होती तेव्हा हाच माणूस दारात उभा राहून हसला होता.

"राग आला, समजतो," प्रीतम म्हणाला. "पन वकिलाकडे कनाला जायचं? मना सांगायचं. तिकडे काय, कागद करतील, तारखा देतील, आनी तुझा पाय तसाच. मी सांगतंय, एक छोटं ऑपरेशन करू. दुसरीकडचा स्नायू घ्यायचा, इथे जोडायचा, पाऊल वर उचलेल. माझ्याच हॉस्पिटलात. एक रुपया नको. बुधवारी ये. फक्त ते नोटीसचं मागे घ्या, म्हंजे माझं पन मन मोकळं."

"बघ, आये," कुंदन म्हणाला. त्याचा आवाज फार हलका झाला होता. "दादा स्वतः करतो म्हनतोय."

भागीरथीला ते टेबल दिसलं. वरचा गोल दिवा. हात बांधलेले. आवळतंय, आवळतंय, आणि कोणीतरी म्हणतंय, कच्चं आहे. नाही म्हणावं तर गाव आहे, मुलगा आहे, समोर हा बसलाय. तिने मान हलवली. हो अशी की नाही अशी, तिलाही सांगता आलं नसतं. प्रीतमने ती होकाराची धरली.

"दाखव बघू पाय."

त्याने तिची सॅंडल काढली आणि तिचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतलं. अंगठ्याने वरच्या बाजूला दाबलं. "लागतंय का, काकी?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं तर तो पुन्हा दाबेल, पुन्हा विचारेल, नस मेली हे त्याच्याच तोंडावर म्हटल्यासारखं होईल. "हां, बाला," ती म्हणाली. "लागतंय की."

"बघ," प्रीतम कुंदनला म्हणाला. "सेन्सेशन हाय. उगाच घाबरवलंय हिला कोणीतरी." आणि त्याने स्नेहलकडे पाहिलं.

स्नेहल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ते ऐकून तिचा चेहरा लाल झाला. ती पुढे झाली, प्रीतमने कप घ्यायला हात लांबवला, आणि तिचा ताबा सुटला की त्याचा, ट्रे तिरका झाला. उकळता चहा सरळ त्याच्या गुडघ्यावरच्या पावलावर आणि त्याच्या पँटवर सांडला.

प्रीतम ओरडून खुर्चीतून उठला. कुंदन मागे सरला. कप फरशीवर फुटला. भागीरथीचं पाऊल धपकन खाली पडलं, आणि ती तशीच बसून राहिली, तोंडावर तेच पाहुण्यापुढचं हसू, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

"काय झालं?" तिने विचारलं. "कोनाला भाजलं?"

पावलावरून वाफ निघत होती. कातडी बघता बघता लाल होत होती. भागीरथीने सगळ्यांच्या नजरा खाली वळलेल्या पाहिल्या आणि मग तिनेही खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं पाहिलं.

स्नेहल पाणी आणायला धावली. प्रीतम पँट झटकत उभा होता. "गार पाणी ओता, चोळू नका," तो म्हणाला, डॉक्टरच्या आवाजात. त्याची नजर फरशीवरच्या तुकड्यांवर होती.

कुंदन आईपुढे खाली बसला. त्याने तिच्या पावलावर बोट ठेवलं, मग नख लावलं, मग चिमटा काढला. तिच्या तोंडाकडे बघत. "लागतंय?"

"नाय," भागीरथी म्हणाली.

"मघाशी हां बोललीस."

"मघाशी हा विचारत होता."

कुंदन तसाच बसून राहिला. स्नेहलने तपेलीतून गार पाणी ओतलं. प्रीतम म्हणाला, "बुधवारी या, तेव्हा बघू सगळं," आणि दाराकडे गेला. मढवींच्या घरातून निघालेल्या पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला जायची रीत होती. कोणी आलं तर कुंदन दहा वेळा हात जोडत नाक्यापर्यंत जायचा. आज तो उठला नाही. बाहेर गाडी सुरू झाली, गेली, तरी तो आईचं पाऊल ओंजळीत धरून होता, आणि त्याचे खांदे हलत होते. भागीरथीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो रडला नसता, गप्प राहिला असता, तर ती जास्त घाबरली असती.

सोमवारी तो स्वतःच वैजयंतीबाईंच्या ऑफिसात चढला. शपथपत्र लिहून होईपर्यंत एकदाही फोनकडे पाहिलं नाही, आणि फोन सारखा वाजत होता. वैजयंतीबाईंनी वाचून दाखवलं तसं तो मान हलवत गेला. एका ठिकाणी थांबवलं. "मॅडम, 'आम्हाला वाटले की उपचार यशस्वी झाला' नका लिहू. आम्ही म्हनू नका. मला वाटलं. बॅनर मी लावला, हिला विचारलं पन नव्हतं."

वैजयंतीबाईंनी दुरुस्ती केली. त्याने सही केली. "आता माझं नाव त्या ओट्यावरून गेलं," तो म्हणाला, स्वतःशीच.

भागीरथीने तक्रारीवर सही केली तेव्हा मढवीतला 'म' पानाच्या रेघेखाली उतरला. भाजलेल्या पावलाला पट्टी होती, सॅंडलचा पट्टा सैल करून बांधलेला.

"मॅडम, मना तिथं विचारतील?"

"बहुतेक सगळं लेखीच असतं, ताई. पण बोलावलं तर जायला लागेल."

"प्रीतम समोर असंल?"

"असेल."

"त्याची आई?"

"येऊ शकते."

भागीरथीची भीती गेली नव्हती, उलट आज जास्त होती. "आनी जिना हाय तिथं?" तिने विचारलं.

"लिफ्ट आहे. कधी चालू, कधी बंद."

"बंद असली तर मी उचलून नेईन तुला," कुंदन म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "तू मागून ये. मी चढंन. कसं चढतंय ते बघूदे त्यांना."

मग तिने खुर्चीच्या हातावर भार दिला, खाली पावलाकडे पाहिलं, ते जागेवर आहे याची खात्री केली, आणि उठली.