बांधावरचे लाल झेंडे

आमच्या खारेपाटात कुणी वर्गणी मागितली, तर आम्ही त्याला चहा पाजतो. कुणी काहीच मागितलं नाही, तर मात्र त्याच्यावर पाळत ठेवतो.

माती-पाणी राखणाऱ्या एका संस्थेची सायली नावाची पोरगी देवळात सभा घ्यायला आली आणि म्हणाली, "मदत म्हणजे पैसेच द्यायला हवेत असं नाही. एक सकाळ श्रमदान करा, तळ्याकाठची चिकणमाती बांधाला द्या, जमेल त्याने काम करणाऱ्यांना जेवण द्या." पावतीपुस्तक नाही, दानपेटी नाही! माझा डावा डोळा बारीक झाला. (संशय आला की तो आपोआप होतो. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो तसाच आहे.)

दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, माझ्या बांधावर लाल झेंडे! आमचं शेत खाडीला खेटून. मधे फक्त मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी आत आणि भाताला रामराम. कडेला तळं, तळ्यात बायकोने जावयासाठी वाढवलेले जिताडे मासे. एवढीच आमची इस्टेट. आणि मांडव्यापासून इकडे ज्या ज्या जमिनीत असा झेंडा रोवला गेला, तिथे पुढे कुणाचा तरी बंगला उठला, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं!

"जमीन चालली आपली," मी बायकोला म्हणालो.

"अवो, त्या पोरीला इचारा तरी!"

"इचारलं की सावध होतात!"

भर दुपारी गाव जेवून आडवं झाल्यावर मी झेंडे उपटले. फेकून दिले तर बोभाटा होईल (बघा, किती पुढचा विचार!), म्हणून शेजारी चुलतभावाच्या, गजादादाच्या बांधावर ओळीने रोवले. त्याची जमीन गेली असती तर मला वाईट वाटलं असतं, पण मी सोसलं असतं.

रविवारी सगळं गाव टोपल्या घेऊन हजर. सायली नेमकी दुसऱ्या गावच्या कामावर. तिचा निरोप एवढाच, झेंडा दिसेल तिथे माती! गजादादाचा चांगला धडधाकट बांध सगळ्यांनी मिळून आणखी जाड केला. माती माझ्याच तळ्याकाठची. कुणाला शंका येऊ नये म्हणून मी सगळ्यांत जास्त टोपल्या वाहिल्या. वर बायकोने सगळ्यांना भाकऱ्या वाढल्या.

अमावास्येच्या उधाणाला माझा बांध फुटला. खेकड्यांनी तो आतून पोखरला होता. ते झेंडे म्हणजे त्या बिळांच्या खुणा होत्या!

"खांड पडली! खांड!" मी बोंब ठोकली. बांध फुटल्याची ही हाक ऐकली की आमच्याकडे माणूस हातातला घास टाकून धावतो, मग भांडण असो नाहीतर कोर्टकचेरी. सगळ्यांच्या पुढे गजादादा! पेंढा, माती, दगड, मिळेल ते टाकून एकदाची खांड बुजवली. शेत वाचलं, पण जिताडे खाडीच्या वाटेने पसार झाले. बायको रडायला लागली. मलाही रडू आलं, पण माझं जरा वेगळं होतं.

सायली गुडघाभर चिखलात उभी. "काका, झेंडे तर मी इथेच लावून घेतले होते. ते दादांच्या बांधावर गेले कसे?"

सगळ्या माना गजादादाकडे वळल्या. फायदा त्याचाच झालेला!

"आईशपथ, मी न्हाय हलवले!" बिचारा रडकुंडीला आला.

"वाऱ्याने गेले असतील," मी म्हणालो.

"व्हय ताई," बायको डोळे पुसत म्हणाली, "तो वारा आमच्याच घरात ऱ्हातो. मेला दुपारचा झोपत न्हाय."

जो काही हशा उसळला! गजादादाने तिथेच मला कवेत घेतलं. ती मिठी होती की मला चिखलात लोळवायचा बेत, हे अजून कळलेलं नाही. सायली हसू दाबत म्हणाली, "काका, संस्थेला तुमची मदत हवीय. तुमच्याइतका संशयी माणूस आम्हाला कुठे मिळणार? बांधाची राखण कराल?"

आता मी रोज संध्याकाळी बांधावर फिरतो. खेकड्याचं बीळ दिसलं की झेंडा रोवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघतो. आणि माझ्यामागे थोडं अंतर राखून बायको येते, रोवलेला झेंडा मी पुन्हा उपटत तर नाही ना, ते बघायला.