नवस बकऱ्याचा, ताट कोंबडीचं

या देशाविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी इथे जाहीरपणे नोंदवणार आहे. सीमावाद, पाणीवाटप वगैरे किरकोळ प्रश्न जाणत्यांनी सोडवावेत. माझा प्रश्न चहाचा आहे. इस्राएलमध्ये माझ्यासारख्या सभ्य, कर भरणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुपारी चार वाजता दुधाचा चहा मिळत नाही. कारण तिने दुपारी एक वाजता कोंबडी खाल्लेली असते. यहुदी धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि मी ज्या घरी उतरले होते तिथल्या नियमाप्रमाणे मांसानंतर दुधाला सहा तास मज्जाव. सहा तास संपेपर्यंत रात्रीचं जेवण येतं आणि त्यातही कोंबडी असते. म्हणजे दुधाची पाळी येते ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

तर अशा देशात मी गेले कशाला? एस्तेरने बोलावलं म्हणून. एस्तेर आणि मी रेवदंड्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो, आमची घरंही भिंतीला भिंत लागून. ती कोकणातल्या यहुदी घरातली, म्हणजे आमच्या बोलीत इस्रायलांची. आम्ही नववीत असताना ती, तिचे वडील आणि तिची आई रिबकाआई बोटीतून नव्हे, चक्क विमानातून इस्राएलला गेली. गावात महिनाभर त्या विमानाचीच चर्चा. आता एस्तेर रामल्याला एका दवाखान्यात नर्स आहे आणि रिबकाआई एकटी, खाली दक्षिणेला, वाळवंटातल्या येरुहाम नावाच्या छोट्या गावात राहते. गेल्या हिवाळ्यात एस्तेरचा फोन आला. ‘‘वसू, नोआम आर्मीतून सुटला. आईने नवस बोलला होता. मलिदा आहे. आई म्हणते, शेवंताच्या पोरीला बोलव.’’

नोआम म्हणजे एस्तेरचा मुलगा, मलिदा म्हणजे नवस फेडताना प्रेषित एलियाहूपुढे मांडायचा गोड पोह्यांचा प्रसाद, आणि शेवंता म्हणजे माझी आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या नावाचं आमंत्रण नाकारायचं कसं?

जाणाऱ्यांसाठी सूचना: मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी जा, आणि बॅगेत पातळ पोहे असतील तर चार तास आधी जा. मलिद्याला इथले पोहे हवेत अशी रिबकाआईची आज्ञा होती. एका कोवळ्या पोरीने ते पुडकं दोन बोटांत धरून मला विचारलं, हे काय आहे, कोणी दिलं, कोणासाठी नेताय? मी म्हटलं, प्रेषित एलियाहूसाठी. हे खरं होतं, पण त्या ठिकाणी बोलण्यासारखं नव्हतं. पुढचा सगळा वेळ मी पोहे कसे भिजवतात ते समजावून सांगत होते.

तेल अवीवहून बेरशेवाची बस उत्तम. अर्धी बस सैनिक पोरापोरींनी भरलेली, बंदूक मांडीवर घेऊन झोपलेली. आपल्याकडे एसटीत बायका पिशवी सांभाळत झोपतात तशी. मात्र शुक्रवारी दुपारनंतर प्रवास ठरवू नका. शनिवार यहुद्यांचा विसाव्याचा वार, त्यामुळे बस बंद होतात त्या शनिवारी अंधार पडल्यावरच सुरू होतात.

बेरशेवाच्या बसस्टँडवर मला घ्यायला नोआम येणार होता. त्याला उशीर होता आणि मला भूक. समोरच्या दुकानात उभ्या सळईवर मांसाचा मनोरा फिरत होता. दुकानदाराने काहीतरी विचारलं. इथे सगळे पहिल्यांदा ‘कुठून आलात’ असं विचारतात हे मी ऐकून होते, म्हणून छाती पुढे काढून म्हटलं, ‘‘होदू!’’ होदू म्हणजे हिब्रूत भारत. त्याने मान डोलावली आणि एका पावात मांसाचे काप दाबून दाबून भरून दिले. मी भारावले. भारतीयांबद्दल केवढी आस्था!

तेवढ्यात नोआम आला. उंच, केस नुकते वाढायला लागलेले, आजीचेच मोठे डोळे. ‘‘वसूमावशी? शालोम. टर्की खाते तू?’’

‘‘टर्की? मी तर त्याला फक्त होदू म्हटलं.’’

पोरगा रस्त्यात उभा राहून हसला. टर्की या पक्ष्यालाही हिब्रूत होदूच म्हणतात. दुकानदाराने विचारलं होतं, कशाचं देऊ? आणि मी देशाच्या अभिमानाने पक्षी मागवला होता.

नोआमचं मराठी आजीकडून आलेलं आणि चाळणीतून गळलेलं. बोलायला सुरुवात मराठीत, शेवट हिब्रूत. मी विचारलं, इथे लोक रोज खातात तरी काय?

‘‘ओफ. कोंबडी. शाळेत शनित्सेल, आर्मीत शनित्सेल, शुक्रवारी सूप. मग होदू. बाकी...’’ त्याने हात हवेत वर नेला, विमान उडाल्यासारखा. ‘‘महाग. सणाला. लग्नाला.’’

शनित्सेल म्हणजे कोंबडीचा चपटा केलेला, पावाच्या चुऱ्यात तळलेला तुकडा. पुढच्या दिवसांत तो मला बसस्टँडवर, पेट्रोल पंपावर आणि एका वाढदिवसाला भेटला. गंमत बघा, आमच्या लहानपणी रेवदंड्यात मासळी रोजची, मटण रविवारचं, आणि कोंबडी जावई आला तरच. कोंबडी कापली म्हणजे घरात काहीतरी घडलंय असं शेजाऱ्यांना कळायचं. इथे कोंबडी शिजली नाही तर काहीतरी घडलंय असं समजायचं.

‘‘आता एक काम,’’ नोआम म्हणाला. ‘‘आजीने सांगितलंय, मलिद्याच्या जेवणाला बकरा आण. मी आश्चर्य करते. आजी कधी नाही खात. पण नवस आहे, ती म्हणते बकराच.’’ तो स्वतःबद्दल असं बाईमाणसासारखं बोलतो, कारण मराठी सगळं आजीकडून शिकला.

आम्ही बाजारातल्या कोशेर खाटकाकडे गेलो. म्हणजे धर्माच्या नियमाप्रमाणे कापलेलं मांस विकणाऱ्याकडे. नोआम म्हणाला, ‘‘बाकार.’’ खाटीक म्हणाला, ‘‘बाकार?’’ नोआम म्हणाला, ‘‘बाकार, बाकार.’’ मला काय आनंद झाला! एवढ्या लांब येऊन आपला शब्द कानावर पडतो, फक्त थोडा लांबवलेला. मीही पाठीमागून जोरात म्हटलं, ‘‘हो, बकरा! चांगलं ताजं द्या.’’ नोआमने खिशातून पैसे काढले. आर्मीतून सुटताना मिळालेले त्याचे पहिले मोकळे पैसे. मी देऊ केले तर म्हणाला, ‘‘नाही. माझा नवस, माझं मांस.’’

येरुहामला बस टेकड्या ओलांडत जाते. दोन्ही बाजूंना मातकट उजाड जमीन आणि तिच्यावर भटक्या बेदुईन लोकांच्या काळ्या शेळ्या पसरलेल्या. मी मनात म्हटलं, मालाची टंचाई नाही.

रिबकाआई दारात उभी होती. परकर-पोलक्यावर स्वेटर, डोक्याला रुमाल. माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. ‘‘काय गो, शेवंताचं नाक घेऊन आलीस. बस. सैपाक फस्क्लास झालाय.’’ सैपाक अर्थातच नारळाच्या रसातली कोंबडी. दुधाची मनाई म्हणून रस्सा नारळाचा, आणि रस्सा थेट माझ्या आईच्या हातचा. म्हणजे बहुतेक माझ्या आईचा हातच रिबकाआईकडून आलेला.

जेवणं झाल्यावर (चहा नाही, नोंद घ्यावी) तिने नवसाची गोष्ट सांगितली. नोआम आर्मीत गेला तेव्हा त्याची नेमणूक सीमेवर झाली. एका रात्री बातम्या वाईट होत्या आणि त्याचा फोन लागेना. रिबकाआई खिडकीशी उभी राहून बोलली, एलियाहू बाबा, पोराला सुखरूप आण, बकरं घालीन. आमच्या रेवदंड्याच्या तऱ्हेने बोलली. ‘‘बाबाने त्याचं काम केलं,’’ ती म्हणाली. ‘‘आता माझं. त्याच्याशी उधारी बरी नाय गो. तो देतो तसा...’’ नोआम ओट्यापाशी सफरचंद खात उभा होता, ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिने मांसाचं पुडकं उघडलं. बराच वेळ बघितलं. वास घेतला.

‘‘नोआम. ह्ये काय हाय?’’

‘‘बाकार. तू म्हणाली ना, बकरा.’’

रिबकाआई हळूच स्टुलावर बसली. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला, कारण होदूचा धडा ताजा होता. हिब्रूत बाकार म्हणजे गाईगुरांचं मांस. लहानपणापासून आजी ‘बकरा’ म्हणायची ते नोआमला तिचं अडखळणारं हिब्रू वाटत आलं होतं. तिची दुरुस्ती करण्याइतका तो उद्धट नव्हता. आणि खाटकाच्या दुकानात त्याला दुजोरा कोणी दिला? होदूहून आलेल्या पंडिताबाईंनी.

‘‘अरे, बकरा! बें बें!’’ आजी म्हणाली.

‘‘एझ?’’ नोआमने शेळीचा हिब्रू शब्द उच्चारला. ‘‘आजी, ते इथे कोण खाते?’’

खाटकाला फोन केला. बकऱ्याचं मांस आधी सांगून ठेवावं लागतं, दोन आठवडे तरी. मलिदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. खिडकीतून समोरच्या उतारावर शेळ्या चरताना स्वच्छ दिसत होत्या.

‘‘मी जाते, एक घेऊन येते,’’ नोआम म्हणाला.

‘‘आणि कापील कोण? तुझा बाप? धर्माप्रमाणे कापणारा शोहेत नको? तो सगळा दिवस फॅक्टरीत कोंबड्या कापतो.’’ मग ती हसली, पण डोळे पुसत.

मी म्हटलं, रिबकाआई, पोराने प्रेमाने आणलंय. देवाला भाव कळतो. हेच शिजव ना. इथे सगळे खातात.

‘‘खातात. नोआम पण खातो, भायेर. मी काय बोलत नाय. पण माझ्या टोपात नाय शिजलं कधी.’’ तिने ओट्याखालून एक जाड अल्युमिनियमचा टोप काढला, कडा चेपलेल्या. ‘‘ह्यो रेवदंड्याचा. लगीन झालं नि मी तुझ्या आईच्या शेजारी ऱ्हायला आली, तवा शेवंताला तिच्या सासूने सांगितलं, त्यांच्यात जेवू नको, काय शिजवतात ठावं नाय. मी शेवंताला म्हटलं, ह्या टोपात तुझ्या धर्माच्या आड येल असं कायपण शिजणार नाय, तू बिनघोर जेव. नि ती जेवली. सासूच्या डोळ्यादेखत, माझ्या ओटीवर बसून.’’

‘‘पण आई तर आता नाही,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणून काय झालं? मी हाय ना.’’

कोणी न सांगता मी तो टोप घासायला घेतला. ही माझ्या बाबतीत नोंद घेण्याजोगी घटना आहे.

दुसऱ्या दिवशी एस्तेर रामल्याहून आली, आईला आणि लेकाला एकाच वेळी बोलली, आणि ते पुडकं आपल्या घरी न्यायला बाजूला ठेवलं. संध्याकाळी शेजारपाजारचे म्हातारे जमले. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलदोडा, वर फळं. माझ्या पोह्यांना सगळ्यांनी हात लावून पाहिलं. हिब्रूत प्रार्थना झाली. ती संपल्यावर रिबकाआई ताटाकडे वाकली आणि हलक्या आवाजात मराठीत बोलली, कारण हा हिशोब मराठीत ठरला होता.

‘‘बाबा, पोरगा चुकला, शब्दाने चुकला. मनाने नाय. कोंबडीवर भागव. बकरं बाकी ऱ्हायलं, ते माझ्याकडं. पोराकडं नको बघू.’’

नोआम शेजारीच होता. त्याला सगळं समजलं की नाही, मला माहीत नाही. शेवटचं वाक्य समजलं असावं. त्याने आजीचा टोप स्वतः उचलून टेबलावर आणला आणि सगळ्यांना कोंबडी वाढली. उत्तम झाली होती. मी दोनदा घेतली.

निघताना रिबकाआईने मला दारात थांबवलं. ‘‘अलिबागच्या पल्याड, खंडाळ्याला जाशील काय गो कधी? तिथं खडकावर बाबाच्या घोड्याच्या टापा हायत. तिथनं तो आभाळात गेला. आमच्या खिडकीतनं बोललेलं त्याला पोचतं का नाय, मला शंका हाय. तू तिथं जाऊन सांग.’’

मी हो म्हटलं. निरोपाच्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

पुण्यात आल्यावर पहिला आठवडा मी दुधाच्या चहात अक्षरशः पोहले. लोक विचारतात, काय पाहिलंस? यहुद्यांची पवित्र भिंत पाहिली, मृत समुद्रात तरंगले, फोटो आहेत. पण कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरसमोरून जाताना मला त्या चेपलेल्या कडांचा टोप आठवतो. आमच्याकडेही आता आठवड्याला तीनदा कोंबडी असते आणि कोणाच्याही घरी काहीही घडलेलं नसतं.

मागच्या महिन्यात रेवदंड्याला भावाकडे गेले. दुपारी वहिनीने कोंबडी केली, मग चहा आणला. मी कपाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि तिला म्हटलं, राहू दे गं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पोहे सकाळीच भिजवले होते. गूळ, खोबरं, वेलदोडा. डबा घेऊन रिक्षाने अलिबाग, तिथून दुसरी रिक्षा. खडक उन्हाने तापलेला, आजूबाजूला कोणी नाही. टापांच्या खुणा शोधल्याशिवाय दिसत नाहीत. मी डबा उघडून ठेवला आणि इकडेतिकडे बघून सांगितलं, रिबकाआईचा निरोप आहे. बकरं बाकी आहे, ती विसरलेली नाही. नोआम ठीक आहे.

खालच्या झुडपातून एक बोकड वर आला. त्याने डबा हुंगला आणि तोंड घातलं. मी त्याला हाकलणार होते. मग हाकललं नाही.

पाठोपाठ काठी टेकत त्याची मालकीण आली. ‘‘अगो बाय, तुमचा परसाद खाल्लान की त्याने! हाट!’’

‘‘खाऊ दे आजी. त्याचाच आहे.’’

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘‘इस्रायलांची काय गो तू?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांची शेजारीण.’’

बोकडाने डबा तळापर्यंत चाटला. त्याचं खाऊन होईपर्यंत मी थांबले.