साडूंचा लाल मार्कर

आमच्या साडूंइतका संतापजनक माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे देवरुखचे, राहायला ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, आणि नोकरी इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये, वेल्डिंग तपासण्याची. सत्तावीस वर्षं या गृहस्थांनी दुसऱ्यांच्या कामावर लाल मार्करने फुल्या मारल्या आणि त्याचा पगार घेतला. घरी आल्यावर तरी माणसाने मार्कर खाली ठेवावा की नाही? पण तो कायम शर्टाच्या खिशात. माझ्या बायकोची पुरणपोळी ‘पुरण कडेपर्यंत पोचलेलं नाही’ म्हणून नापास करणारा आणि तरीही जिवंत असलेला हा एकमेव माणूस आहे.

त्यांचा शौक म्हणजे साके, जपानी लोक तांदळापासून करतात ती दारू. कधीतरी एका जपानी साहेबाने पाजली आणि कोकणातल्या माणसाला बाटलीत तांदूळ सापडला. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्यांना परमिटवाल्यांच्या दुकानात गाडीने नेण्याचं काम माझ्याकडे आलं. परमिट माझंही होतं, पण निवडायचा अधिकार त्यांचा. तिथे चव घेऊन बघायची सोय नाही, म्हणून ते वेल्डिंग तपासायची टॉर्च काढून प्रत्येक बाटलीची पाठ वाचत बसत. जपानी येत नव्हतं, पण तांदळाचं अक्षर आणि बाटली भरल्याची तारीख त्यांना बरोबर सापडे. तांदूळ, पाणी आणि तांदूळ आंबवायची ती जपानी बुरशी, एवढंच हवं. वरून स्पिरिट घातलेलं दिसलं की बाटली परत.

एकदा मी लाकडी खोक्यातली, सोनेरी अक्षरांची महागडी बाटली उचलली. ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे कडाडले, “ठेव ती खाली. अर्धा तांदूळ घासून टाकून देतात आणि टाकलेल्याची किंमत तुझ्याकडून घेतात. आपण हातसडीच्या तांदळावर वाढलेली माणसं. कमी घासलेला घे. स्वस्त असतो आणि तांदूळ तांदळासारखा लागतो.” शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्याने घाबरून आपल्या हातातली बाटलीही परत ठेवली. माझे कान लाल झाले. जास्त राग याचा आला, की घरी जाऊन प्यायल्यावर त्यांचंच खरं निघालं.

चव घ्यायची ती स्टीलच्या वाटीत, सोबत तळलेले बोंबील. आधी गार, मग पातेल्यातल्या गरम पाण्यात बाटली उभी करून कोमट. “गार असताना कुणीही बरं वागतं,” ते म्हणत. “जरा तापवून बघ, मग कळतं.” आणि मग मार्कर. मी निवडलेल्या प्रत्येक बाटलीवर सहा वर्षांत फुलीच पडली. एखादीच्या तोंडून स्पिरिटची वाफ निघाली, एखादीच्या शेवटाला कडवटपणा राहिला, एखादी नुसतीच ‘लबाड’ निघाली. ‘पास’ हा एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी काय काय केलं, ते माझं मला माहीत.

शेवटी एक बाटली मी एकट्याने जाऊन आणली. त्यांचे सगळे नियम पाळून. साधं लेबल, कमी घासलेला तांदूळ, ताजी तारीख. पण दाखवायची हिंमत होईना. त्यांचा मूड चांगला असेल त्या दिवशी काढू म्हणून अल वक्ऱ्यातल्या आमच्या हॉलच्या शोकेसमध्ये, कधीही न वापरलेल्या डिनर सेटच्या मागे ठेवली. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, हे आमच्या घरचं वळण. त्यांचा मूड काही चांगला झाला नाही आणि दोन वर्षं गेली. साके लोणच्यासारखी मुरत नाही, वर्षाच्या आत संपवायची असते, हे त्यांनी मला शंभरदा बजावलं होतं.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. “खलास. वर्कशॉप बंद होतंय. पुढच्या शनिवारी फ्लाइट आहे, कायमची.” नोटीस हातात पडून दोन महिने झाले होते. मी भयंकर चिडलो. “सांगून फ्लाइट पुढे गेली असती का?” एवढंच ते म्हणाले.

शेवटच्या शुक्रवारी दोघं नवरा-बायको मेट्रोने आमच्याकडे जेवायला आले. मी डिनर सेट बाजूला करून बाटली काढली आणि वाटीत ओतली. रंग चहाच्या पाण्यासारखा आणि वास उन्हात राहिलेल्या पेजेचा. दोन वर्षं दुपारचं ऊन शोकेसच्या काचेवर पडत होतं, ते मला तेव्हा आठवलं. साडूंनी सवयीने टॉर्च काढून तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

“दादा, राहू द्या. ओतून टाकतो,” मी म्हणालो.

त्यांनी वाटी सोडली नाही. गार प्यायले. मग कोमट करून आणायला लावली आणि तीही प्यायले, थेंब न ठेवता. मी फुलीची वाट पाहत होतो. त्यांनी लाल मार्कर काढला आणि लेबलवर सावकाश ‘पास’ लिहून खाली सही केली.

“खोटं बोलू नका दादा,” मी ओरडलोच. “सहा वर्षं एक बाटली सोडली नाहीत, आणि ही नासलेली पास करताय?”

“सही झाली,” ते म्हणाले. “सहीनंतर वाद नाही. निवड बरोबर होती तुझी. ठेवणं चुकलं.” आणि बोंबील मागितले.

आता दुकानात मी एकटाच जातो. फोनचा दिवा लावून बाटलीची पाठ वाचतो आणि आणली त्याच संध्याकाळी उघडतो. गेल्या महिन्यातली स्वस्तातली होती आणि फार सुरेख निघाली, गारही आणि कोमटही. देवरुखला साडूंना फोन लावून तांदळापासून तारखेपर्यंत सगळं सांगितलं आणि विचारलं, कशी वाटते?

“अरे,” ते म्हणाले, “एवढ्या लांबून कशी नापास करू?”

मला इतका राग आला, आणि तो ज्यांच्यावर काढायचा ते देवरुखला.