पिकू दिसला नाही

मासेबाईंना तलावाकडे पाठ करून उभं केलं, तरच त्यांच्याशी बोलता येई. एरवी त्यांची नजर आपल्या खांद्यावरून पाण्यात जाई आणि आपण बडबडत राहू.

जन्मभर त्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर जेसल पार्कमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या आणि दर रविवारी जाळी घेऊन मोरव्याच्या तलावावर जाऊ लागल्या. बादली धरायला मी. छोटे गावठी मासे पकडायचे, मोजायचे, परत सोडायचे. काठावरचे आगरी आजोबा चिडवत, "बाय, पकरायचा नि सोरायचा, मंग पकरायचा कशाला?" बाई त्यांनाच जाळी झटकायला लावत. घरी आल्यावर उत्तनचे बोंबील मात्र चाटूनपुसून खात. "मोजायचा मासा वेगळा, गिळायचा वेगळा," हे त्यांचं शास्त्र.

जीव सगळा पिकूवर. बोटाएवढ्या गावठी माशाची ही जात, डोक्यावर पांढरा ठिपका. आसपासच्या तलावांतून तो गेला होता, इथे होता. पाणी हिरवं झालं, काठ सिमेंटचा झाला, तरी होता. एखाद्या रविवारी जाळीत आला नाही की मी म्हणे, "संपला वाटतं." बाई उखडत. "दिसला नाही, एवढंच म्हण. नाही म्हणायची घाई करू नये."

त्यांच्या पंच्याहत्तरीला सोसायटीने त्यांना तलावावर बोलावलं. हार, केक, सगळा थाट. सेक्रेटरी आनंदाने फुलला होता. "मॅडम, आपको मछली इतनी पसंद है ना? आपके नाम से पूरा टेम्पो छोड़ा! ये लास्ट थैली आपके हाथ से."

थैलीत तिलापियाची पिल्लं होती. हा बाहेरचा मासा दुसऱ्यांची अंडीपिल्लीही खातो, हे बाईंनी याच लोकांना कितीदा सांगितलं होतं. त्यांच्या लक्षात एवढंच राहिलं, की बाईंना मासे आवडतात. टाळ्या चालू होत्या. बाई "थँक्यू" म्हणाल्या. ती थैली मात्र त्यांनी घरी आणली, बाल्कनीतल्या टबात ओतली आणि "ह्यांचा काय गुन्हा?" म्हणत रोज त्यांना खायला घातलं.

त्यानंतर जाळीत तिलापियाच. सेक्रेटरी भेटला की कौतुकाने विचारी, "मॅडम, मछली बढ़ी ना?"

"बहुत बढ़ी," बाई म्हणत. मला मात्र घरी येऊन रडू फुटे.

मग बाईंनी अंथरूण धरलं. मी एकटीच जाळी घेऊन जाऊ लागले. परत आल्यावर दारातूनच सांगे, "दिसला नाही हो." त्या म्हणत, "पुढच्या रविवारी बघ."

शेवटी शेवटी त्यांनी विचारणंही सोडलं. एका रविवारी उशाशी बसून मीच म्हटलं, "बाई, आजही दिसला नाही."

त्यांनी बाल्कनीतल्या टबाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही म्हण. आता नाही म्हण."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस येतोय. त्यांच्या स्मरणार्थ सोसायटी पुन्हा टेम्पो आणणार आहे, आणि पहिली थैली मी सोडावी असा सेक्रेटरीचा आग्रह आहे.