मुकुटबनवरून जाणारं विमान

गेल्या आठवड्यात बापूदादाची, माझ्या थोरल्या भावाची, तेरवी आटोपून हैदराबादहून नागपूरला विमानानं आलो. पुतणी मोबाइलवर तिकीट काढत म्हणाली, "काका, सव्वा तासात नागपूर." मी खिडकीची सीट मागितली. या वयात खिडकी कशाला, असं तिला वाटलं असेल...

हैदराबाद ते नागपूर सरळ रेघ मारली, तर ती आमच्या मुकुटबनवरून जाते. साठच्या दशकात सकाळचं एक विमान त्याच रेघेवरून जायचं. आवाज आला की शाळेसकट सगळं गाव वर बघायचं.

त्याच दिवसांत आई गेली, ऐन उन्हाळ्यात. दादा नुकताच हैदराबादला नोकरीला लागला होता. त्याला तार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट तार आली... आजच्या विमानानं निघतोय.

घरात जरा जीव आला. विमान म्हणजे लवकर, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबा म्हणाले, "थांबू. बापू येऊन राह्यला." आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, म्हणजे मी. दादाला फक्त तिचं तोंड पाहायचं होतं.

मग काकांच्या लक्षात आलं. "भाऊ, विमान आपल्या डोक्शावरून जाईन, पन इथं थांबन काय? नागपूरले उतरन, मंग वणीची मोटर, मंग इथली. दिवस बुडते." दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत, आणि त्या उन्हात आईला आणखी एक रात्र ठेवणं शक्य नव्हतं.

बाबा तिरडीपाशी आले. मग म्हणाले, "उचला. पन विसाव्यावर थांबा."

विसावा म्हणजे स्मशानाच्या वाटेवर तिरडी टेकवून खांदेकरी बदलतात ती जागा. आमच्याकडे ती नाल्याजवळच्या उघड्या माळावर. क्षणभर टेकायचं आणि निघायचं. त्या दिवशी सगळे तिथं उन्हात उभेच राहिले.

मागून कुणीतरी कुरकुरलं, "काहून थांबले जी?" काका खेकसले, "तिचा पोरगा येऊन राह्यला!"

आवाज आला. बाबांनी आईच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि वर पाहिलं. "पाह्य रे बापू," एवढंच म्हणाले. विमान उन्हात चमकलं आणि नागपूरकडे निघून गेलं...

दिवेलागणीला दादा मोटारीतून उतरला. काका त्याला घ्यायला गेले होते. त्यानं घरात पाय टाकला तोच बाबांनी विचारलं, "दिसली काय रे तुले?"

"दिसली, बाबा. विसाव्यावर होती. तोंड उघडं होतं."

तेव्हा कुठे बाबा रडले. पुढे आयुष्यभर ते आल्यागेल्याला सांगायचे, माझ्या मोठ्यानं वरून मायचं तोंड पाह्यलं. दादा शेजारी बसून मान हलवायचा.

गेल्या आठवड्यात विमानात मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. खाली तपकिरी तुकडे, मध्ये एक नदीची रेघ. तेव्हाची विमानं जरा खालून उडायची, हे खरं... पण तरी चेहरा? कापड बाजूला केल्याचं त्याला वाटेत काकांनीच सांगितलं असणार.

म्हणजे दादानं आईला पाहिलंच नव्हतं. आणि हे त्यानं जन्मभर एकट्यानं सांभाळलं... बाबांसाठी, आणि माझ्यासाठीही.

अंदाजानं मुकुटबन आलं तेव्हा मी हात जोडले. खाली गाव नेमकं कुठं होतं, कळलं नाही. पण घरी कुणी विचारलं, तर मीही सांगणार आहे... दिसलं.